कॅलिफोर्नियातील मतदान हक्क कायदा आणि आपल्या शहराला आलेले वकिलाचे पत्र

प्रश्नाचा सारांश आधी नोंदवतो. प्रश्नकर्ते कॅलिफोर्नियातील एका मध्यम आकाराच्या शहरात पंधरा वर्षे राहतात आणि आता नागरिक आहेत. त्यांच्या सिटी कौन्सिलला एका वकिलाचे पत्र आले आहे. कौन्सिलच्या पाचही सदस्यांना संपूर्ण शहराने निवडण्याची पद्धत राज्याच्या मतदान हक्क कायद्याचा भंग करते, ती बदलून एकेक सदस्य निवडणारे प्रभाग करा, नाहीतर खटला भरू, असे त्यात म्हटले आहे. शेजारीपाजारी याला खंडणी म्हणतात. शहराने लढावे की बदलावे, प्रभाग झाल्यावर पाच मतांऐवजी एकच मत उरले तर आपला हक्क कमी होतो का, आणि जनसुनावणीत आपल्यासारख्यांनी काय बोलावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी याच राज्यातील दोन शहरांच्या नगर लिपिक कार्यालयांत निवडणुकीचे काम केले आहे, आणि अशी पत्रे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हाताळली आहेत. पुढील उत्तर त्या अनुभवावर आधारलेले आहे. ते कायदेशीर सल्ला नाही. तो आपल्या सिटी अ‍ॅटर्नीने, म्हणजे शहराच्या अधिकृत वकिलाने, द्यायचा असतो आणि तो कौन्सिलला असतो, रहिवाशांना नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत मतदान हक्काचा मूळ संघीय कायदा 1965 चा. ज्या राज्यांचा भेदभावाचा इतिहास होता त्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची पूर्वमंजुरी घेणे त्याने बंधनकारक केले होते. 2013 साली शेल्बी कौंटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोणत्या राज्यांना ही अट लागू होते ते ठरवणारे सूत्रच रद्द केले आणि पूर्वमंजुरीची तरतूद कागदावर उरली. उरले ते कलम 2, ज्याखाली मतदारांना न्यायालयात जाता येते. पण त्या वाटेवरही खाचखळगे आहेत: 1986 च्या थॉर्नबर्ग विरुद्ध गिंगल्स या निकालाप्रमाणे तक्रारदार समूह एका प्रभागात बहुसंख्य होईल इतका मोठा आणि एकवटलेला असल्याचे आधी दाखवावे लागते, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये आठव्या सर्किटच्या (म्हणजे काही ठरावीक राज्यांपुरत्या) संघीय अपील न्यायालयाने तर खासगी व्यक्तींना या कलमाखाली दावाच लावता येत नाही असे ठरवले. राज्यांनी स्वतःचे कायदे करण्यामागे ही पार्श्वभूमी आहे. वॉशिंग्टनने 2018 मध्ये, ऑरेगनने 2019 मध्ये, व्हर्जिनियाने 2021 मध्ये, न्यूयॉर्कने 2022 मध्ये, कनेक्टिकटने 2023 मध्ये, मिनेसोटाने 2024 मध्ये आणि कोलोराडोने 2025 मध्ये असा कायदा केला. कॅलिफोर्निया या सर्वांच्या पुढे होते. तेथील कायदा 2002 साली मंजूर झाला आणि 2003 पासून लागू आहे.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे, ती म्हणजे संपूर्ण शहराने सर्व जागा निवडण्याची पद्धत. महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाला ती समजावून सांगायला मी पुण्याचे उदाहरण देतो. 2017 च्या महापालिका निवडणुकीत पुण्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते, आणि प्रत्येक मतदार अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी एकेक मत देत होता. प्रभागात ज्या गटाकडे 55 टक्के मते आहेत तो ठरवले तर चारही जागा जिंकतो, आणि 45 टक्केवाल्यांच्या हाती काहीच येत नाही. आता तो प्रभाग म्हणजे अख्खे शहर आहे आणि मते वंशानुसार विभागली जात आहेत, अशी कल्पना केली की कॅलिफोर्नियाच्या कायद्याला कशाची चिंता आहे ते उलगडते. उमेदवार ठरावीक भागात राहणारा असावा पण त्याला निवडणारे सारे शहर असावे, अशी पद्धतही या कायद्याच्या व्याख्येत संपूर्ण शहराच्या मतदानातच मोडते. काही कौन्सिले हा मधला मार्ग सुचवतात, तेव्हा त्यातून सुटका होत नाही हे सांगणारा कोणीतरी सभागृहात असावा लागतो.

तक्रारदाराला सिद्ध काय करावे लागते? संरक्षित समूहाचे, म्हणजे वंश, वर्ण किंवा भाषेवरून कायद्याने संरक्षण दिलेल्या समूहाचे, मतदार साधारणपणे एका बाजूला आणि उरलेले मतदार दुसऱ्या बाजूला मत देतात, आणि त्यामुळे त्या समूहाची उमेदवार निवडण्याची किंवा निकालावर प्रभाव टाकण्याची क्षमता दुबळी होते, हे दाखवावे लागते. कोणाच्या मनात भेदभाव होता हे सिद्ध करावे लागत नाही. समूह एका प्रभागात बहुसंख्य असला पाहिजे, ही संघीय कायद्यातील अटही येथे नाही. ऑगस्ट 2023 मध्ये सांता मोनिका शहराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने याची स्पष्टता केली: अन्य एखाद्या कायदेशीर पद्धतीत त्या समूहाला स्वबळावर किंवा इतर मतदारांपैकी काहींच्या साथीने आपल्या पसंतीचा उमेदवार निवडून आणण्याची शक्यता होती काय, एवढेच पाहायचे. ती पद्धत प्रभागांचीच असावी असेही नाही. अल्बानी या लहानशा शहराने असाच इशारा मिळाल्यावर प्रभागांऐवजी पसंतीक्रमाने, प्रमाणशीर जागा देणाऱ्या मतदानाचा मार्ग निवडला आणि 2022 मध्ये तशी निवडणूक घेतली.

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण सांता क्लारा शहराचे आहे, आणि त्यावर थोडे थांबतो, कारण भारतीयांसह आशियाई वंशाच्या मतदारांचा प्रश्न तेथे प्रत्यक्ष न्यायालयात गेला. या शहरात कौन्सिलच्या जागांना क्रमांक दिलेले असत आणि प्रत्येक क्रमांकासाठी संपूर्ण शहर मत देई, म्हणजे जवळपास पुण्याचाच अ, ब, क, ड. मतदानास पात्र नागरिकांत आशियाई वंशाचे सुमारे 30 टक्के असूनही 1951 पासून एकही आशियाई उमेदवार कौन्सिलवर निवडून आला नव्हता. 2017 मध्ये खटला दाखल झाला. तपासलेल्या दहा निवडणुकांपैकी पाच निवडणुकांत वंशनिहाय मतविभागणी आढळली. शहराचा युक्तिवाद असा की निम्म्या निवडणुका म्हणजे काही नेहमीची गोष्ट नव्हे. न्यायालयाने तो मानला नाही. 2018 मध्ये सहा प्रभाग करण्याचा आदेश झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये राज चहल निवडून आले. 2020 मध्ये सड्स जैन आणि केव्हिन पार्क हेही कौन्सिलवर आले. तरीही शहराने अपील केले, ते डिसेंबर 2020 च्या अखेरीस फेटाळले गेले, आणि वादींच्या वकिलांचा 30 लाख डॉलरहून अधिक खर्च शहराच्या तिजोरीवर पडला. मधल्या काळात 2018 आणि 2020 मध्ये कमी प्रभागांचे दोन प्रस्ताव मतदारांपुढे ठेवण्यात आले आणि मतदारांनी दोन्ही नाकारले. कौन्सिलला वाटले होते की जनमत आपल्या बाजूने आहे. ते कोणाच्याच बाजूने नव्हते.

आता खंडणीच्या आरोपाकडे येतो. तो अगदीच बिनबुडाचा नाही. या कायद्यात वकिलाचा खर्च एकतर्फी आहे: वादी जिंकला तर शहराने द्यायचा, शहर जिंकले तर वादीकडून, दावा निव्वळ खोडसाळ नसेल तर, काहीच मिळत नाही. मोडेस्टो शहराने कायद्याच्या वैधतेला दिलेले आव्हान 2006 च्या अपिलात हरल्यावर सुमारे 30 लाख डॉलर वादींच्या वकिलांना दिले. पामडेलने 2014 च्या अपिलानंतर तडजोडीत सुमारे 45 लाख. असे आकडे समोर असल्यावर एकाच साच्यातील पत्रे शहराशहरांना धाडणारे वकील निर्माण होणारच. मी हाताळलेल्या एका पत्रात तर दुसऱ्याच शहराचे नाव एका परिच्छेदात तसेच राहून गेले होते. पण विधानमंडळाने 2016 मध्ये केलेल्या आणि 2017 पासून लागू असलेल्या दुरुस्तीने या धंद्याला लगाम घातला आहे, आणि शेजाऱ्यांच्या चर्चेत ती दुरुस्ती सहसा गळते. पत्र मिळाल्यापासून 45 दिवस वकिलाला खटला भरता येत नाही. तेवढ्यात कौन्सिलने प्रभाग करण्याचा इरादा, त्यासाठीची पावले आणि अंदाजे कालावधी सांगणारा ठराव केला तर आणखी 90 दिवस संरक्षण मिळते, आणि त्या मुदतीत प्रभागांचा स्थानिक नियम मंजूर केला तर वकिलाला द्यायची रक्कम मूळ 30 हजार डॉलर अधिक महागाईची वाढ एवढ्यावर थांबते. दोन्ही बाजू सहमत असतील तर मुदत वाढवूनही मिळते. याचा अर्थ असा की लढायचे की नाही हा निर्णय कौन्सिलने 45 दिवसांच्या आत, पूर्ण माहितीवर घेतला पाहिजे. पत्र फाइलमध्ये घालून पुढच्या महिन्याच्या बैठकीची वाट पाहणे हा सर्वांत महाग पर्याय आहे.

पूर्ण माहिती म्हणजे काय? गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या निवडणुकांचे केंद्रनिहाय निकाल घेऊन एखाद्या लोकसंख्याशास्त्रज्ञाकडून मतविभागणीची तपासणी करून घेणे. ती गोपनीय ठेवता येते आणि तिचा खर्च खटल्याच्या तुलनेत किरकोळ असतो. मतपत्रिका गुप्त असल्यामुळे कोणत्या वंशाच्या मतदाराने कोणाला मत दिले ते थेट कळत नाही. केंद्रातील मतदारांची रचना आणि केंद्राचा निकाल यांवरून संख्याशास्त्रीय अनुमान काढतात, आणि मतदारांची रचना बऱ्याचदा आडनावांच्या यादीवरून ठरवतात. येथे आपल्याकडच्या आडनावांची थोडी गंमत होते. कुलकर्णी किंवा पाटील ओळखायला यंत्राला अडचण नसते, पण गोवा-वसईकडचे फर्नांडिस किंवा परेरा स्पॅनिश वंशाच्या खात्यात जाऊ शकतात. अहवाल वाचताना कौन्सिलने ही पद्धत विचारून घ्यावी. तपासणीत मतविभागणी खरोखरच दिसत नसेल, किंवा संरक्षित समूहाच्या पसंतीचे उमेदवार नियमितपणे निवडून येत असतील, तर लढण्याला आधार आहे. माझ्या पाहण्यात असे शहर क्वचितच आले, आणि ज्या शहरांनी तपासणीच न करता अभिमानापोटी लढायचे ठरवले त्यांनी शेवटी प्रभागही केले आणि पैसेही दिले.

पाच मतांऐवजी एक मत, हा आपला दुसरा प्रश्न. संख्येने मते कमी होतात हे खरे आहे. पण पाच मते असूनही ती पाचही दरवेळी हरणाऱ्या उमेदवारांना जात असतील तर त्या मतांचे वजन शून्य असते, आणि या कायद्याला मोजायचे आहे ते वजन. दुसऱ्या बाजूने, जे मतदार नेहमी जिंकणाऱ्या गटात होते त्यांच्या हातून खरोखरच काहीतरी जाते, आणि त्यांची नाराजी खोटी मानू नये. प्रभागांचे तोटेही आहेत. पन्नास-साठ हजार वस्तीच्या शहराचे पाच तुकडे केल्यावर एखाद्या प्रभागात उमेदवारच मिळत नाही आणि निवडणूक बिनविरोध होते. समूह साऱ्या शहरात विरळ पसरलेला असेल तर प्रभागांनी त्याचे काही साधत नाही. भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या बाबतीत हे वारंवार घडते, कारण आपण शाळा पाहून घर घेतो आणि चांगल्या शाळा शहराच्या चारही कोपऱ्यांत असतात. अशा शहराने अल्बानीच्या वाटेचा विचार करावा असे मी सांगेन, पण 90 दिवसांचे संरक्षण प्रभागांकडे जाणाऱ्या शहरांसाठी आखलेले आहे, तेव्हा सिटी अ‍ॅटर्नीचे मत आधी घ्यावे.

येथे एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांत अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांसाठी जागा राखून ठेवल्या आहेत, त्यामुळे आपल्यातील काहींना वाटते की येथेही एखादी जागा आशियाई लोकांसाठी राखीव होणार. तसे काही होत नाही. संघीय कायद्याच्या कलम 2 मध्येच लिहिले आहे की कोणत्याही समूहाला लोकसंख्येच्या प्रमाणात सदस्य मिळण्याचा हक्क नाही. प्रभागात कोणीही उभे राहू शकतो आणि कोणीही जिंकू शकतो.

तिसरा प्रश्न जनसुनावणीचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. नकाशा काढण्यापूर्वी 30 दिवसांच्या आत किमान दोन सुनावण्या होतात. नकाशांचे मसुदे आल्यावर 45 दिवसांच्या आत आणखी दोन. या प्रक्रियेची आतली विसंगती अशी की पत्रातला आरोप वंशाचा असतो, पण नकाशा वंशावर काढायचा नसतो. शॉ विरुद्ध रेनो या 1993 च्या निकालापासून प्रभागाची सीमा आखताना वंश हे प्रमुख कारण असेल तर ती सीमा न्यायालयात टिकणे अवघड असते. राज्याच्या 2019 च्या कायद्याने निकषांचा क्रमच ठरवून दिला आहे: संघीय कायदे आणि समान लोकसंख्या पाळल्यानंतर प्रभाग सलग असावा, वस्त्या आणि समान हितसंबंधांचे समूह तुटू नयेत, रस्ते, रूळ, ओढे अशा ओळखता येणाऱ्या सीमा असाव्यात, आणि शेवटी प्रभाग आटोपशीर असावा. पक्षाचा फायदा पाहायचा नाही. पुढे झालेल्या दुरुस्तीने विद्यमान सदस्याचा फायदाही पाहायचा नाही.

म्हणून सुनावणीला येऊन “अमुक टक्के आशियाई असलेला प्रभाग द्या” असे म्हणणाऱ्याचे बोलणे लोकसंख्याशास्त्रज्ञ नोंदवून घेतो, पण त्यावर रेघ ओढू शकत नाही. याउलट एका सुनावणीत एका मराठी ताईंनी तीन मिनिटांत सांगितले की रेल्वेमार्गाच्या उत्तरेकडील चार भाड्याच्या वसाहतींतील मुले एकाच प्राथमिक शाळेत जातात, शाळेच्या वाटेवर सिग्नल नाही, त्या वसाहतींची भाडेवाढ एकाच कंपनीकडून होते, आणि मसुद्यातील सीमा त्या चार वसाहतींच्या मधून जाते. त्यांनी वंशाचा शब्दही उच्चारला नाही. पुढच्या मसुद्यात सीमा दोन रस्ते सरकली. ओळखता येणारी जागा, समान अडचण आणि ती सोडवण्यासाठी कौन्सिलकडे असलेला अधिकार, या तीन गोष्टी एकत्र आल्या की समान हितसंबंधांचा समूह कागदावर उभा राहतो. मंडळ, मंदिर, क्रिकेटचे मैदान यांचा उल्लेख करायला हरकत नाही, पण शहराच्या निर्णयाशी त्यांचा संबंध काय, हे त्याच वाक्यात आले पाहिजे: पार्किंग, उद्यानाची वेळ, बांधकाम परवाना. बोलण्यापेक्षा लेखी निवेदन अधिक काळ टिकते. खटला झालाच तर नोंदवहीत तेच सापडते. त्यासोबत हाताने रेघ मारलेला साधा नकाशा जोडला तरी चालतो.

ज्यांच्याकडे नागरिकत्व नाही त्यांच्याबद्दलही सांगायला हवे, कारण एच-वन बी किंवा ग्रीन कार्डवर असलेली अनेक मराठी कुटुंबे हा आपला विषय नाही असे समजून घरी बसतात. प्रभागांची लोकसंख्या समान करताना जनगणनेतील प्रत्येक रहिवासी मोजला जातो, मग तो मतदार असो वा नसो. टेक्सासच्या एका खटल्यात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मोजणी वैध ठरवली. मतविभागणी तपासताना मात्र मतदानाच्या वयाचे नागरिक पाहतात. त्यामुळे एखाद्या प्रभागात आपली वस्ती 40 टक्के आणि मतदार 15 टक्के, असे चित्र होऊ शकते, आणि नकाशा वाचताना दोन्ही आकडे मागून घ्यावेत. सुनावणीत बोलायला मात्र नागरिकत्व लागत नाही.

भाषेचाही प्रश्न काहीजण विचारतात. कायदा “भाषिक अल्पसंख्याक” हा शब्द वापरतो, पण त्याच्या व्याख्येत आशियाई अमेरिकनांचे भाषावार वेगळे गट नाहीत, सर्वांचा मिळून एकच गट आहे. मराठी, तमिळ, चिनी, फिलिपिनो सारे त्यातच. म्हणून आपल्या शहरात या सर्वांची मते एकत्र जातात की नाही, हा तपासणीतील खरा प्रश्न ठरतो, आणि कित्येकदा ती एकत्र जात नाहीत.

शेवटी एक तांत्रिक बाब, जी सगळे थकल्यावर अंतिम बैठकीत रात्री अकराच्या सुमारास येते. नकाशा मंजूर झाला तरी सर्व प्रभागांची निवडणूक एकदम होत नाही. विद्यमान सदस्यांची मुदत पूर्ण होऊ दिली जाते आणि काही प्रभाग या फेरीत, काही दोन वर्षांनी मतदान करतात. हा क्रम ठरवताना कायद्याच्या उद्देशाचा विशेष विचार करावा असे कलम सांगते, म्हणजे ज्या समूहासाठी हा सारा खटाटोप झाला त्याच्या प्रभागाला पहिल्या फेरीत घेण्यास सबळ कारण आहे. मी एका शहरात पाहिले की नकाशावर तीन महिने भांडलेले रहिवासी त्या रात्री घरी निघून गेले होते आणि क्रमाचा ठराव एकाही हरकतीविना मंजूर झाला. त्या प्रभागाला मग आणखी दोन वर्षे थांबावे लागले. आपल्या शहराच्या वेळापत्रकात क्रमाचा ठराव कोणत्या तारखेच्या बैठकीत आहे, ते नगर लिपिकाला आजच लेखी विचारून घ्यावे.